हिरव्या फितीचे पाहुणे

हिरवी फीत ही माझी कल्पना होती. झांझिबारला भरलेल्या किनारी समुद्रांच्या परिषदेत ज्यांचा प्रवास आणि मुक्काम आमच्या निधीतून झाला होता, त्यांच्या ओळखपत्राला हिरवी फीत लावायची आणि बाकीच्यांना निळी. जेवताना किंवा फेरीबोटीचं भाडं परत घेताना कुणाला काही सांगावं लागू नये, एवढाच हेतू होता. समितीत कुणी हरकत घेतली नाही. समितीतल्या सगळ्यांच्या फिती निळ्याच होत्या.

पहिल्या सकाळी नोंदणीच्या रांगेत मंजोरो गुरुजी, आमचे म्वालिमू, दिसले. विद्यापीठात खारफुटीचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकले. चिखलात गुडघाभर उभं राहून मोजमापं घेताना एखादा आकडा जुळला नाही की तो खोडून टाकावासा वाटे. "गाळायचा तर गाळ," ते म्हणत, "पण शेजारी कारण लिही." निवृत्त होऊन ते किल्व्याला, आपल्या गावी गेले होते. तिथली खाडी अजून एकटेच मोजत होते.

"शिकामू, म्वालिमू," मी वाकून म्हटलं.

"मरहबा, मरहबा. अगं रिझिकी, अंग धरलंस की! खुर्ची मिळाली वाटतं." त्यांनी कागदाची पुडी माझ्या हातात कोंबली. "किल्व्याचे काजू. समितीला वाटत बसू नकोस, एकटी खा."

टेबलामागच्या मुलीने त्यांच्या गळ्यात हिरवी फीत घातली. मला माहीत नव्हतं. अर्जांचं काम समितीतल्या फिडेलिसकडे होतं, माझ्याकडे नव्हतं.

"मला हिरवी आणि तुला निळी, हे काय?"

"जेवणाच्या सोयीसाठी हो," मी म्हटलं.

"म्हणजे हिरव्यांना दोनदा वाढतात?"

रांगेतल्या मुली खळखळून हसल्या. त्यांच्या गळ्यातही हिरव्याच फिती होत्या. त्यांतली एकही तिशीच्या पुढची नसावी.

उद्घाटनात हिरव्या फितीवाल्यांची नावं पुकारायची, एकेकाने उभं राहायचं, मग टाळ्या आणि फोटो, असं ठरलं होतं. नावं मीच वाचणार होते. मी फिडेलिसला पडद्यामागे गाठलं.

"हे उभं करणं काढून टाकू या."

"अगं ताई, पैसे देणाऱ्यांना चेहरे बघायचेत. नुसती नावं त्यांनी कागदावर वाचलीत."

"पण म्वालिमू मंजोरो आहेत त्यात. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय. त्यांना पोरीबाळींबरोबर उभं करायचं?"

"त्यांनीच अर्ज केला होता. इतका छान लिहिलेला अर्ज दुसरा नव्हता." मग तो हसला. "तुला एवढं लागत असेल तर एक नाव खाऊन टाक. कुणाला कळतंय?"

तो थट्टेत म्हणाला होता.

अक्षरक्रमाने नावं वाचताना मी त्यांच्या नावापाशी आले आणि पुढच्या नावावर गेले. आवाज अडखळला नाही. मी स्वतःवर खूशच होते. मग मान वर केली. तिसऱ्या रांगेत म्वालिमूंनी कोटाचं बटण लावलं होतं, टोपी सारखी केली होती, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकला होता. ते अर्धे उठले होते. मोझांबिकची मुलगी उभी राहिली तसे ते हळूच खाली बसले आणि तिच्यासाठी टाळ्या वाजवू लागले.

चहाच्या वेळी मी मागे मागे राहत होते. त्यांनीच मला शोधलं.

"माझं नाव राहिलं वाटतं."

"कागदावर नव्हतं, म्वालिमू. छपाईत काहीतरी…"

"असं होय. मला वाटलं माझेच कान गेले." त्यांनी आल्याच्या कॉफीचा घोट घेतला. "बसमध्ये शेजारच्या बाईला सांगितलं, बोटीवरही दोघांना सांगितलं. या वयात पुन्हा कुणी निवड केली माझी. म्हटलं, उठून जरा दिसावं लोकांना."

मी माझा कप टेबलावर ठेवला.

"कागदावर होतं," मी म्हटलं. "मी गाळलं."

"कारण?"

तोच स्वर, चिखलातला. त्यात राग नव्हता. रिकाम्या जागी काय लिहायचं, एवढंच ते विचारत होते.

तुम्हाला अवघड वाटेल म्हणून, हे उत्तर तयार होतं. पण ते खरं नव्हतं. अवघडलेले ते नव्हतेच.

"मला तुमची लाज वाटली, म्वालिमू."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "दुपारी माझं बोलणं आहे. पुढे बस. मागे लपलीस तर नाव घेऊन उठवीन."

मी पुढे बसले. छोटा हॉल, पंचवीस-तीस माणसं होती. हिरवी फीत कोटावर नीट सरळ करून ते उभे राहिले. आधी त्यांनी आपली बस, बोट आणि खोली कुणाच्या पैशांतून झाली ते सांगून आभार मानले, मोठ्याने, एक शब्दही न गिळता. मग खाडीतली खारफुटी वरच्या अंगाला कशी सरकते आहे ते दाखवलं. एका तक्त्यात दोन चौकटी कोऱ्या होत्या आणि दोन्हींच्या शेजारी बारीक अक्षरात कारण होतं.

शेवटी ते म्हणाले, "ही पद्धत ज्या मुलांबरोबर बसवली त्यांतली एक इथे आहे. आज तिच्यामुळे ही परिषद उभी आहे. रिझिकी, उभी राहा."

ते हसत होते, आणि त्यांना खरंच अभिमान वाटत होता. ते माझ्या लक्षात आलं, आणि तेच सोसेना.

मी उभी राहिले. लोक टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांत जोरात ते वाजवत होते. टाळ्या थांबेपर्यंत खाली बसता येत नाही.