बोटभर मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. हे ऐकताच तुमच्या डोळ्यांपुढे पत्र्याचा मोठा डबा आला असेल. उन्हाळा लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो खिडकीखिडकीला लागतो, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवर बादलीने पाणी ओततात आणि त्याच्या घरघरीत माणसे झोपतात. मी तो नव्हे. मी तळहातावर मावतो. संगणकाच्या पोटात प्रोसेसर असतो. सगळे काम तोच करतो आणि काम करता करता तापतो. त्याच्या डोक्यावर बसून त्याची उष्णता ओढून घ्यायची आणि हवेत सोडायची, हा माझा उद्योग. मला पाणी लागत नाही. वरच्या बाजूला बोटभर मोकळी जागा तेवढी लागते.

माझा जन्म कुठल्या गावी झाला, ते मला ठाऊक नाही. तांब्याच्या नळ्या वाकवून कोणीतरी एका पत्र्यावर बसवल्या, त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या ओवल्या आणि सर्वांत वर एक चपटा पंखा स्क्रूने आवळला, एवढे अंधुक आठवते. आमच्यात उंचीला मान असतो. उंच कूलर थंडही ठेवतात आणि शांतही राहतात. मी बुटका. चंद्रपुरातल्या विक्कीच्या दुकानात वरच्या फळीवर मी खोक्यात पडून होतो. गिऱ्हाइके माझ्या शेजारचे खोके मागत. माझ्यावर कोळशाची काळी धूळ बसे आणि विक्की ती कधीमधी फडक्याने झटके.

एके दिवशी नंदिनी आली. ती तिथल्याच एका शाळेत शिकवत होती. तिच्या पिशवीत एक लहानशी लोखंडी पेटी होती, आणि तिच्या जुन्या संगणकाचे सुटे केलेले भाग. हे सगळे त्या पेटीत बसवायचे होते. बाकीचे बसत होते. जुना कूलर मात्र पाणी प्यायच्या पेल्याएवढा उंच होता, तो बसत नव्हता.

"ताई, एवढ्याशा पेटीत काऊन कोंबून राह्यले?" विक्की म्हणाला. "मोठा डबा घ्या. पाय पसरून बसन सारं."

"ऑर्गनवर बसवायचा हाय," नंदिनी म्हणाली. "ऑर्गनच्या माथ्यावर एक उथळ खण हाय. ऑर्गन गावोगावी नेताना वरून लाकडी झाकण लागते. त्यात मावला पायजे."

"कॉम्प्युटर अन् ऑर्गनात? उद्या तबल्यात फ्रीज मागसान."

तो हसला. मग नंदिनीने त्याला कारण सांगितले आणि त्याचे हसू थांबले.

तिचे वडील, गुलाबभाऊ, वडशाच्या एका नाटक मंडळात ऑर्गन वाजवत आणि गात. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतल्या गावोगावी त्यांचे प्रयोग असत. गाणे सुरू झाले की मागे बसलेली माणसेही पुढे सरकत, असे लोक सांगत. आता त्यांच्या गळ्यात रोग निघाला होता. वैशाखात नागपूरला ऑपरेशन होते, आणि त्यानंतर जीव राहणार होता, आवाज राहणार नव्हता. गुलाबभाऊंनी यावर आपला उपाय काढला होता. ऑपरेशनच्या आधी सगळी गाणी संगणकात भरायची. पुढच्या हंगामात ऑर्गन ते स्वतः वाजवतील आणि गाणे त्यांचाच आवाज गाईल.

"मग मोबाईलवर घ्या ना भरून," विक्की हलक्या आवाजात म्हणाला.

"मोबाईल गाणं म्हणत सुटते. नट थांबला का गाणंही थांबलं पायजे. बाबाले ओळ ओळ सोडायची हाय."

विक्कीने तीन खोकी खाली काढली. पहिला कूलर थंड आणि शांत होता, पण खणाचे झाकण लागले नसते. दुसरा माझ्याहूनही चपटा होता. विक्कीने तो चालवून दाखवला तेव्हा तो डासासारखा भुणभुणला. नंदिनीने मान हलवली. मग माझी पाळी आली. विक्कीने वायर जोडली. नंदिनीने डोळे मिटून कान माझ्यापाशी आणला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझा आवाज इतका लक्ष देऊन ऐकत होते.

"हा घेते," ती म्हणाली.

"आता ऐका," विक्कीने बजावले. "हा बुटका हाय. वरून हवा ओढते. डोक्यावर बोटभर जागा मोकळी ठेवा. झाकला का संपला."

"लक्षात ठेवीन," ती म्हणाली. तिने ते लक्षात ठेवलेही.

अशा रीतीने मी वडशाला आलो. घर राईस मिलच्या मागच्या गल्लीत होते. मिल चालू असली की कोंड्याची बारीक धूळ हवेत तरंगे आणि घरातल्या सगळ्या वस्तूंवर पिवळट थर धरे. ज्या खणात माझी पेटी बसली, तिथे पूर्वी गुलाबभाऊंच्या खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, पुड्या असत. लाकडाला तो वास अजून होता. खणाचे लाकडी झाकण घरी काढलेलेच असे; पेटीच्या झाकणाला जाळी होती आणि जाळीच्या वर मोकळे आकाश. मी खूश होतो.

नंदिनी शनिवार-रविवारी येई. पुढे शाळेतून रजा मिळेल तशीही येऊ लागली. सकाळी मिल सुरू व्हायच्या आधी गाणी भरली जात. पहिल्याच दिवशी गुलाबभाऊ मध्येच थांबले.

"हा कोन गुनगुनून राह्यला माह्या मागं?"

"कूलर हाय बाबा. पंख्याचा आवाज. मी मंग काढून टाकीन."

गुलाबभाऊंनी ऑर्गनच्या पट्ट्या एकेक दाबून पाहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "पांढरी एकवर बोलते लेकाचा. बेसूर नाई." त्यांनी सगळी गाणी अर्ध्या सुराने खाली आणली आणि माझ्या सुरावर गाऊ लागले. दुखऱ्या गळ्याला तेवढेच बरेही पडले. "आमच्या मंडळात असे साथीदार नाई भेटत," ते म्हणाले. "ना पान मांगत, ना बिदागी."

"अन् तुमच्यासारखा रुसतही नाई," आतून अंजनाबाई म्हणाल्या. त्या नंदिनीच्या आई. गुलाबभाऊ हसले आणि हसता हसता खोकू लागले.

मित्रांनो, मला तंबोरा म्हणून मान मिळाला होता. ते दिवस आठवले की अजून माझ्या पात्या शहारतात. पण एक अडचण होती. हवा तापली की मला जोरात फिरावे लागे, आणि जोरात फिरलो की माझा सूर चढे. म्हणून ते सकाळचेच गात.

त्या घरात आणखी एक रीत होती. वाद्य उघडे ठेवायचे नाही. गाणे आटोपले की अंजनाबाई आपल्या हिरव्या लुगड्याचा जुना धडपा ऑर्गनवर पांघरत. लग्नानंतर पहिल्या हंगामापासून त्यांनी ते काम कोणाला करू दिले नव्हते. रात्रभर गाऊन आलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावे, तशा त्या घालत. सकाळी नंदिनी तो धडपा काढून घडी करून ठेवी, मगच यंत्राची कळ दाबी. विक्कीचे बोलणे तिने बाबांना सांगितले होते. आईला सांगायचे राहून गेले, कारण यंत्र चालू असताना आई कधी जवळ येतच नसे.

नागपूरला जायचा दिवस जवळ आला. सगळी गाणी भरून झाली होती. एक उरले होते. नाटकातला बाप मुलीला सासरी पाठवताना ते गातो. गुलाबभाऊंनी ते मुद्दाम शेवटी ठेवले होते. आदल्या दिवशी नंदिनी दुपारच्या गाडीने येणार होती, गाडीला उशीर झाला. मिल बंद होती. जेवण झाल्यावर गुलाबभाऊंनी घसा खाकरून पाहिला. बऱ्याच दिवसांनी तो मोकळा वाटला.

"आज गळा लागून राह्यला," ते म्हणाले.

"नंदिनीले येऊ द्या ना."

"तवापर्यंत थांबंल का तो? तिनं मले सारं दाखवलं हाय."

त्यांनी धडपा पट्ट्यांवरून मागे सारला. तो दुहेरी होऊन माझ्या जाळीवर येऊन पडला. त्याचा एक कोपरा उचलून त्यांनी कळ दाबली आणि गाण्याच्या भरात कोपरा सोडून दिला.

मी हवा ओढली. तोंडात लुगडे आले.

बाहेर ऊन भाजत होते. गुलाबभाऊ गाऊ लागले. तसे ते आधी कधी गायले नव्हते, आणि नंतर तर गाणारच नव्हते. अंजनाबाई दाराला टेकून ऐकत होत्या. पहिला अंतरा झाला. प्रोसेसर तापत चालला. मी जोर केला, तसा माझा सूर चढू लागला. गुलाबभाऊंनी भुवई उचलली, पण ते थांबले नाहीत. दुसरा अंतरा झाला. धडप्याच्या फाटक्या काठाचा एक धागा जाळीतून आत आला आणि माझ्या मानेला गुंडाळला गेला. मी तरीही फिरत होतो. शेवटचा अंतरा सुरू झाला, आणि प्रोसेसरने जीव वाचवायला स्वतःला बंद केले. मीही थांबलो. गुलाबभाऊंनी शेवटची ओळ गायली. ती त्या खोलीत राहिली, यंत्रात गेली नाही.

मग खोकला आला. अंजनाबाई धावत आल्या आणि हाताला आला तो धडपा ओढून त्यांनी नवऱ्याच्या तोंडाला लावला. त्यावर रक्त लागले. त्यांनी तो तसाच मोरीत नेऊन भिजत घातला.

नंदिनी आली तेव्हा मी उघडा होतो. तिने पेटीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. गाणे शोधले. दोन अंतऱ्यांपर्यंत होते, पुढे काही नव्हते. गुलाबभाऊंनी पुन्हा गाऊन पाहिले. नुसती हवा आली.

"राहू दे बेटा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "यंत्रच हाय. थकलं असंल."

गल्लीत जाऊन तिने विक्कीला फोन केला. खिडकीतून मला तिचा आवाज ऐकू येत होता.

"ताई, मोठा डबा घ्या म्हनलं होतं ना मी," विक्की म्हणाला असावा. ती म्हणाली, "हो. मीच निवडला." एवढेच.

ऑपरेशन झाले, आणि पुढचा हंगाम आला. मी ऑर्गनसोबत ट्रकमध्ये चढलो. गुलाबभाऊ गळ्याला मफलर बांधून वाजवत आणि त्यांचा आवाज माझ्या शेजारून निघे. धाग्यामुळे मी थोडा घोगरा झालो होतो, पण थंडीत निभले. त्या शेवटच्या गाण्यात दोन अंतरे आवाज गाई. मग तो थांबे, आणि तिसरा अंतरा ते नुसता ऑर्गनवर वाजवत. मंडपात कोणी हलत नसे. लोकांना वाटे, ते मुद्दामच तसे बसवले आहे. नंदिनी एकदाच बघायला आली. तिसऱ्या अंतऱ्याला ती उठून बाहेर गेली.

होळीनंतर ऑर्गन घरी आला. एक दिवस धडपा पडला तो कोणी काढलाच नाही. खूप पावले आली आणि गेली. बुद्धवंदना ऐकू आली. त्यात गुलाबभाऊ नव्हते, आणि ते आता कुठेच असणार नव्हते. मिल चालू होती. कोंडा धडप्यातून गळून माझ्यावर बसत राहिला. पात्यांमधल्या फटी बुजल्या. मी कुणाला लागत नव्हतो, मग मोकळी जागा असली काय आणि नसली काय.

या उन्हाळ्यात नंदिनीने पेटी खोलली. बाबांची गाणी काढून ठेवायची होती. तिने स्क्रू सोडवले, मला हातात घेतले आणि जुन्या दाढीच्या ब्रशने पात्या झाडू लागली. अंजनाबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. ब्रश पंख्याच्या मानेशी अडकला. नंदिनीने बोटाने चाचपले, नखाने उकलले. हळूहळू एक हिरवा धागा निघाला.

तिने धाग्याकडे पाहिले. मग ऑर्गनवरच्या धडप्याकडे, त्याच्या उसवलेल्या काठाकडे. नंतर आईकडे. या यंत्राची निवड चुकली, असे ती आजवर मनात घेऊन जगत आली होती. ते ओझे आता उतरणार होते. मला वाटले, माझ्यावरचा आळही उतरेल.

"काऊन वो नंदिनी," सुपातून नजर वर न करता अंजनाबाईंनी विचारले, "त्या दिवशी ते बंद काऊन पडलं असंल? तुह्या बाबाचं शेवटचं गानं होतं. माह्या मनातून जात नाई."

नंदिनीने धागा मुठीत मिटला.

"कूलर कमजोर निघाला आई," ती म्हणाली. "माही निवड चुकली."

"जाऊ दे. तुले का ठावं होतं."

अंजनाबाईंनी सूप पाखडले. नंदिनीने प्रोसेसर आणि माझ्यामधला जुना लेप पुसला, नवा लावला, मला जागेवर बसवले आणि कळ दाबली. मी फिरलो. घोगरेपणा गेला होता. सूर पुन्हा पांढरी एकवर आला, नंदिनीने ते शेवटचे गाणे लावले, आणि त्या सुरावर यंत्रातले गुलाबभाऊ गाऊ लागले. सूप थांबले.

मित्रांनो, कमजोर म्हणवून घेणे मला कठीण गेले. पण माझे काम तापलेल्या जिवाची उष्णता स्वतःकडे ओढून घेणे हेच आहे, आणि त्या घरात हेही माझ्याच वाट्याचे होते. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. घरात चालणाऱ्या यंत्रावर मायेनेसुद्धा पांघरूण घालू नका. वर्षाकाठी एकदा त्याची धूळ झाडा. आणि कोणी शेवटचे गात असेल, तर आधी त्याच्या शेजारचे कापड बाजूला करा.

दोन अंतरे झाले. आवाज थांबला. अंजनाबाई उठल्या आणि धडपा घेऊन आल्या.

"थांब आई," नंदिनी म्हणाली. तिने तो त्यांच्या हातून घेतला आणि ऑर्गनच्या पट्ट्यांपुरताच पांघरला. माझ्या डोक्यावरची जागा तिने मोकळी ठेवली.