पाच मिलीलिटर पाण्याचा रंग

काचेच्या नळीत पाच मिलीलिटर खारं पाणी.

एकशे चौदा नंबरचा दोरा आणि एकशे पंधरा नंबरचा दोरा.

चष्मे पुसायचं मऊ फडकं, कारखान्यातून घरी आणलेलं.

मेहुण्याची ओली विजार, गुडघ्यापर्यंत.

"मीच करतो सगळं."

यातलं शेवटचं वाक्य चष्मेवाल्याचं, आणि सगळं महाभारत त्याच्यापासून सुरू झालं.

चष्मेवाला दिवसभर कारखान्यात भिंगं घासायचा. गावभराला त्याच्यामुळे लख्ख दिसायचं, पण त्याला स्वतःला हिरवं, लाल आणि तपकिरी जन्मापासून एकच. घरी बाहेरच्या खोलीत त्याची दोन फुटी समुद्री टाकी होती. दोन मासे, थोडी प्रवाळं, आणि मधोमध तळहाताएवढं एक बटण-प्रवाळ, दिवसा फुलणारं. अशा टाकीची नाटकं दोनच : उजेड नीट हवा आणि पाणी नीट हवं. उजेडाचं काम घड्याळ करायचं. दुपारी पांढरा दिवा, संध्याकाळी निळा, मग अंधार. पाण्यातलं नायट्रेट मात्र दर रविवारी मोजावं लागे. नळीत थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डावरच्या आकडे छापलेल्या चौकोनांशी जुळवायचा. पिवळा म्हणजे उत्तम, नारिंगी म्हणजे जपा, लाल म्हणजे धावा. चष्मेवाल्याला कार्डावरचे सगळे चौकोन एकाच चहाच्या कपांसारखे दिसत.

म्हणून सात वर्षं रंग बायको वाचत होती. ती दोऱ्यांच्या दुकानात गल्ल्यापलीकडे उभी राहून कापडाला दोरा जुळवून द्यायची. एकशे चौदा मागणाऱ्याला तिने कधी एकशे पंधरा दिला नव्हता. नळी घेऊन ती गॅलरीत जायची, उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, "दहा. वीसकडे निघालंय, पण अजून दारातच आहे." तो वहीत लिहायचा आणि त्या हिशोबाने पाणी बदलायचा.

मग एका रविवारी समुद्री टाकीवाल्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. पुढच्या रविवारी तुमच्या बटण-प्रवाळाचा तुकडा कलमासारखा लावायला न्यायला येतो म्हणाला. आणि सहज विचारलं, "तपासणी कोण करतं हो?"

"मीच करतो सगळं."

बायको नळी हातात घेऊन शेजारीच उभी होती. तिने नळी स्टँडला लावली.

"करा मग," ती म्हणाली. त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी थेट बोलली नाही. जे बोलायचं ते प्रवाळाला उद्देशून.

सोमवारी घरात इतकी शांतता होती की चष्मेवाल्याला काय करावं सुचेना. हातांना चाळा म्हणून त्याने टाकीवरच्या दिव्याची काच उतरवली. वर्षभराचं मीठ तिच्यावर साचलं होतं. ती त्याने कारखान्यातल्या फडक्याने अशी चकचकीत केली की काच आहे की नाही तेच कळेना.

मंगळवारी बटण-प्रवाळ मिटलं.

"बरं केलंस बाई," बायको टाकीपाशी वाकून म्हणाली. "इथे करणारे एकटेच आहेत."

बुधवारी संध्याकाळी, बायको कामावर असताना, त्याने मेहुण्याला बोलावलं. मेहुणा टेम्पो चालवायचा आणि कुठल्याही कामाला नाही म्हणायचा नाही. त्याने टाकीपाशीच, निळ्या दिव्याखाली, नळी डोळ्यांपुढे धरली.

"भावोजी, हे काळंलाल दिसतंय. पन्नास तरी असेल. मासे जगलेत कसे?"

दोघांनी धावपळ करून अर्धी टाकी उपसली आणि तेवढंच नवं खारं पाणी ओतलं. टाकी भरेपर्यंत तेवढंच मेहुण्याच्या विजारीवरही गेलं. बायको आली तेव्हा दोघं फरशी पुसत होते. तिने निळ्या दिव्याकडे पाहिलं, स्टँडमधल्या नळीकडे पाहिलं.

"तुझ्या भावोजींना सांग," ती भावाला म्हणाली, "अशा उजेडात रंग जुळवणाऱ्याला आमच्या दुकानातून दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात."

"मग खरं किती होतं, ताई?"

"मला काय विचारतोस? मी कुठे काय करते."

गुरुवारी प्रवाळ आणखी आकसलं. शुक्रवारी तर ते कुणीतरी चावून टाकल्यासारखं दिसत होतं. सात वर्षं सांभाळलेलं.

रविवारी सकाळी सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन आला. वाकून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "नायट्रेट किती?"

"बघतो."

थेंब टाकले. हलवलं. घड्याळ लावलं. पहिली दोन मिनिटं मिठाबद्दल बोलण्यात गेली. तिसऱ्या मिनिटाला सगळे नळीकडे बघायला लागले. दहा म्हणावं, चष्मेवाल्याच्या मनात आलं, दहा आकडा तसा अब्रूदार. पण सेक्रेटरीच्या नाकावरची भिंगं त्यानेच घासली होती. त्यांतून किती स्वच्छ दिसतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि दहा चुकीचं निघालं तर प्रवाळ गेलंच.

"मला रंग कळत नाहीत," तो म्हणाला. "लहानपणापासून. सात वर्षं ही वाचतेय. फोनवर मी थाप मारली."

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो चालूच राहिला.

"मग मी बघतो की," म्हणत एका सभासदाने हात पुढे केला.

"नको," चष्मेवाला नळी मागे घेत म्हणाला. "तिलाच बघू दे."

"माझे हात ओले आहेत," आतून आवाज आला.

चौथं मिनिट. नळ बंद झाला. ती एकेक बोट निगुतीने पुसत बाहेर आली. घड्याळ वाजलं तसं तिने नळी घेतली आणि गॅलरीत गेली. मागे वरात निघाल्यासारखे चौघे पुरुष, एकाच्या हातात कार्ड.

"सात."

"कार्डावर पाच आहे आणि दहा आहे," सेक्रेटरी म्हणाला. "सात नाहीच."

"ते कार्ड छापणाऱ्याला विचारा. सात. अर्धं पाणी उपसून सात, म्हणजे बुधवारी चौदाच्या आसपास. पन्नास म्हणे. चौदाला हे प्रवाळ रडत नाही." मग तिने मान वळवून टाकीवरच्या दिव्याकडे पाहिलं. "ती काच कुणी पुसली?"

चष्मेवाल्याने घसा खाकरला. "मीच."

"तेवढं मात्र खरंच एकट्याने केलंत. सावलीत बसलेल्या माणसाला एकदम उन्हात ओढलंत. अहो, बघताय काय, दिवा वीतभर वर घ्या."

स्टूल आणलं गेलं. चष्मेवाला चढला, सेक्रेटरीने स्टूल धरलं, बायको खालून "अजून, अजून, बास" म्हणत राहिली. तुकडा काही त्या दिवशी मिळाला नाही. सेक्रेटरीने मंडळाच्या वहीत सात लिहिलं आणि तपासणाऱ्याच्या रकान्याशी पेन थांबवून तिचं नाव विचारलं. ते तिने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सावकाश.

सात वर्षांपूर्वी हे प्रवाळ माशांच्या दुकानात निवडलं तेव्हा चष्मेवाल्याने त्याचा रंग विचारला नव्हता. ते उघडतं आणि मिटतं एवढंच त्याला आवडलं होतं.