वाऱ्याचा आडोसा

"काल दिवसभर सायकलच्या त्या सुरीएवढ्या सीटवर बसलेल्यांना आज लाकडी खुर्च्या! ठरवणाऱ्याच्या बुडाला एकदा तरी फोड आला पाहिजे," क्लबमधली चोनामावशी पुटपुटली आणि एका कुल्ल्यावरचा भार दुसऱ्यावर टाकला.

लुमिन हसली नाही. एरवी मावशीच्या असल्या बोलण्यावर सगळ्यांत आधी तीच खिदळायची. आज तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते ते सकाळपासून सुटलेच नव्हते.

शर्यत झाली त्या सुबिक गावातल्या हॉलात सगळी कालचीच माणसं. समुद्रात पोहून, उन्हात सायकल हाणून आणि वर पूर्ण मॅरेथॉन धावून अर्धमेली झालेली. जिना उतरताना कठडा धरून उलटी उतरत होती. तरी प्रत्येकाने धुतलेला शर्ट घातला होता, कारण आज जागा वाटल्या जाणार होत्या. हवाईच्या जागतिक स्पर्धेच्या जागा. वयोगटाप्रमाणे ठरलेल्या असतात. पन्नाशीच्या बायकांना एकच. नाव तीनदा पुकारतात. हात वर केला तर जागा तुमची. तिसऱ्या हाकेपर्यंत हात वर आला नाही, की जागा खालच्या नंबराला. मग कितीही रडा, कोणी ऐकत नाही.

लुमिनच्या गटात पहिली आली होती एक ऑस्ट्रेलियन बाई. तिच्याकडे दुसऱ्या शर्यतीतून मिळवलेली हवाईची जागा आधीच होती आणि ती पहाटेच विमान पकडायला गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी बेबेत, त्यांच्याच क्लबची. तिसरी लुमिन. म्हणजे हवाई आणि लुमिन यांच्या मधे उभी होती फक्त बेबेत, आणि तीही एवढ्याशा फरकाने, की तेवढ्या वेळात कपातली साखरसुद्धा विरघळू नये.

आणि तो फरकही खरा नव्हता.

सायकलवर पुढच्याच्या चाकामागे लपून जायचं नाही, हा या खेळातला पहिला नियम. पुढचा वारा खातो, मागचा फुकटात ओढला जातो. काल वळसा घेऊन परत येताना लुमिनने समोरून येणारी नारिंगी टोपी पाहिली. ती तिने स्वतः विकत घेऊन दिली होती, नवऱ्याला, एफ्रेनला. आणि एफ्रेनच्या मागच्या चाकाला बेबेत अशी चिकटली होती, जसं वासरू गाईला. पुढे चढावर दोघं लुमिनला ओलांडून गेले. एफ्रेनने मान वळवली नाही. पंचांची मोटरसायकल तेव्हा भलतीकडेच होती. पण त्याच रस्त्यावर सगळा क्लब जात-येत होता आणि क्लबला डोळे होते.

तोंड मात्र कोणालाच नव्हतं. काल जेवताना आणि आज नाश्त्याला सगळे एकच बोलत होते.

"वारा काय होता ना काल!"

"अरे बापरे, वारा तर होताच!"

जणू कोणी वाऱ्यालाच पदक देणार होतं.

का बोलत नाहीत, हेही लुमिनला कळत होतं. बायसहून, म्हणजे क्लबच्या गावाहून, फेरीबोटीने इथवर सायकली येतात त्या बेबेतच्या नवऱ्याच्या व्हॅनमधून. लुमिनच्या सायकलचं पुढचं चाकही बेबेतचंच, उसनं मागून आणलेलं. उपकाराखाली दबलेल्या माणसाला पाठीचा कणा नसतो. एफ्रेनने उपकार फेडले, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. फेड की! पण माझ्या जिवावर?

एफ्रेन शेजारी बसून खारवलेलं अंडं सोलत होता. रंगवलेल्या कवचाचा जांभळट लाल रंग त्याच्या बोटांना लागला होता. शाळेत पोरांना कवायत शिकवणारा माणूस, पण अंडं सोलताना बाळाला न्हाऊ घालावं तसा नाजूक.

"खा ना थोडं. कालपासून पोटात काही नाही तुझ्या."

"तूच खा. तुझं पोट मोठं आहे. बरंच काही मावतं त्यात."

"लुमिन, अगं काल वारा..."

"वाऱ्याचं नाव काढलंस ना, तर हे अंडं तुझ्या इस्त्रीच्या शर्टावर फुटेल."

त्याने अंडं शर्टापासून लांब धरलं. तो शर्ट त्याचा ठरलेला. दर वर्षी असल्या हॉलात तो हाच शर्ट घालून बसायचा आणि दर वर्षी त्याच्या वयोगटाच्या जागा त्याच्या नावाच्या अलीकडेच संपायच्या. आजही मघाशी संपल्या होत्या. मग तो दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायचा, आणि लुमिन त्याच्या पाठीवर हात ठेवायची. पूर्वी ती फक्त केळी उकडून द्यायची आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडायची. चाळिशीत तिने एकदा म्हटलं, मलाही पोहायला शिकव. त्याने बायसच्या उथळ समुद्रात तिच्या पोटाखाली तळहात धरला. "सोडू?" "नको!" "सोडतो!" आपल्या खाणावळीचा भात चुलीवर चढवायच्या आधी ती रोज पहाटे समुद्रात असायची. काही वर्षांनी ती त्याच्या पुढे निघून गेली. त्यावर घरात कधी कोणी बोललं नाही.

आज तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नव्हता.

"महिला, पन्नास ते चौपन्न!" माइकवाला ओरडला. ऑस्ट्रेलियन बाईचं नाव तीनदा पुकारलं गेलं. कोणी हललं नाही.

"बेबेत साबान! एक!"

पहिल्या रांगेतली बेबेत उठली, पण हात वर करायच्या ऐवजी मागे वळली. दोन्ही हात पसरले. "ये गं लुमिन, आधी मिठी मार. तू खूश आहेस ना माझ्यासाठी?"

लुमिन उभी राहिली. मांड्या बोंबलल्या. मिठी मारण्याइतकी ती जवळ गेली आणि थांबली.

"काल तू एफ्रेनच्या चाकामागे होतीस."

आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायची आठवण झाली.

"लुमिन, वारा किती..."

"वाऱ्याला मधे आणू नकोस! वारा मलाही होता. मी एकटीने खाल्ला तो, ताट पुसून. मिठी मागतेस वर! लाज कशी वाटत नाही?"

"दोन!" माइकवाला म्हणाला.

बेबेतचे पसरलेले हात खाली आले. चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"मग नवऱ्याला विचार ना! मी गेले होते त्याला बोलवायला? मी मागून रखडत येत होते, तर हाच वेग कमी करून माझी वाट बघत होता. म्हणाला, 'ताई, माझ्या मागे राहा, लुमिनला गाठू.' मला वाटलं, तुम्हा नवरा-बायकोचं काही ठरलं असेल! आणि मीही काही संत नाही. समोर आडोसा आला, घेतला."

लुमिनला वाटलं, पोटाखालचा हात कोणीतरी काढून घेतला.

बेबेत धपकन खाली बसली. तिने उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि भिंतीकडे बघत राहिली.

"तीन! जागा खाली सरकली. लुमिनादा बाकालसो! एक!"

लुमिनने मंचाकडे पाहिलंच नाही. ती एफ्रेनकडे वळली.

"व्हॅनचे उपकार फेडत होतास?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग चाकाचे?"

पुन्हा नाही. अंडं त्याच्या मुठीत चुरगळलं होतं.

"अगं बये, आधी हात वर कर!" चोनामावशी खुर्चीवरून किंचाळली. "नवरा काय पळून जातोय? त्याला जिना उतरता येत नाही आज!"

"दोन!"

लुमिनने हात वर केला. सरळ, कोपरात न वाकवता, शाळेतल्या पोरीसारखा. डोळे मात्र एफ्रेनवरून हलवले नाहीत. हॉलात टाळ्या सुरू झाल्या. फुलांचा हार घेऊन कोणीतरी तिच्याकडे यायला निघालं. दरवर्षी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवणारा एफ्रेन तेवढा वाजवत नव्हता. रंग लागलेली बोटं गुडघ्यावर ठेवून तो तसाच बसला होता.

"बोल," ती म्हणाली.

"वाऱ्याचं काही नव्हतं गं," एफ्रेन म्हणाला. "माझ्याआधी तू हवाईला जावंस, हे नको होतं मला."