चौथ्या मजल्यावरचं हिरवं दार

पोलिसांची जीप दुकानासमोर लागली की किल्लीवाला पिशवी उचलायचा आणि निमूट मागं बसायचा. कुठं जायचं हे विचारायचा नाही. दार उघडायचं, बाजूला व्हायचं. आत कुणाच्या गादीखाली काय सापडलं, कुणाच्या कानाखाली किती बसल्या, ते आपलं काम नाही. दहा वर्षं त्यानं मनाला हेच पटवलेलं.

त्या दुपारी मात्र जिना चढताना तो मागं रेंगाळला. चौथा मजला, हिरवं लोखंडी दार. ते कुलूप त्यानंच बसवलेलं. आत त्याची थोरली बहीण.

तीस वर्षं लाँड्रीत उभ्यानं इस्त्री करून ताईचे गुडघे कामातून गेलेले. खिडकीत गांजाच्या दोन कुंड्या, संध्याकाळी दोन झुरके, मग कुठं डोळ्याला डोळा. "गुन्हा आहे गं तो," असं तो एकदा म्हणाला, तर ती उसळलीच. "गुडघे माझे, कळा माझ्या. त्यात सरकारचं काय दुखतं रे?"

"उघड," साहेब म्हणाले.

त्यानं कुलपात तार घातली. तेवढ्यात आत फ्लशचा आवाज झाला.

"हात चालव की! बाई सगळं संडासात सोडतेय!"

त्यानं तार अशी पिरगाळली की कट्‌कन आतच मोडली.

"मोडली, साहेब. आता माझ्या बापाच्यानंही उघडणार नाही."

"दहा वर्षांत मोडली नाही, आणि आजच?" साहेबांनी त्याच्याच पिशवीतला हातोडा काढला. दोघा हवालदारांनी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला.

पहिला घाव अंगठ्यावर. त्यानं बाही दातात धरली, आवाज आत जाऊ नये म्हणून. दुसरा घाव दोन बोटांवर. हाड फुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला, आणि दातातली बाही सुटली.

"आई गं!"

आतला फ्लश थांबला. "कोण आहे बाहेर?"

"कुणी नाही ताई, उघडू नकोस!"

"ताई होय!" साहेब हसले आणि तिसरा घाव घातला.

आतून खटका फिरला. ताई दारात, हातात उरलेली कुंडी. "माझ्या भावाला मारतोस, मुडद्या?" कुंडी साहेबांच्या कपाळावर फुटली. माती, रक्त, पानं, सगळं एकत्र. मग हवालदारांच्या काठ्या तिच्यावर पडल्या, नेमक्या त्याच गुडघ्यांवर. खाली पडली तरी थांबल्या नाहीत.

जीपमध्ये दोघं शेजारी. त्याचा हात भाकरीएवढा सुजलेला, तिला पाय हलवता येईना.

"उघडलंस कशाला?" तो कण्हला.

"ओरडलास कशाला? एकच कुंडी उरली होती, गाढवा."

पुढच्या सीटवर साहेब कपाळाला रुमाल दाबून फोनवर बोलत होते. "दुसरा किल्लीवाला बघा. चार वाजता अजून एक दार आहे."

ताईनं पदर फाडला आणि भावाची बोटं एकेक करून बांधायला घेतली.