पाठीवरचा बारावा

“अकरा,” व्हर्ली म्हणाली. “आणि हा बारावा.”

मर्ल पिंकहॅम शर्ट काढून खुर्चीवर उलटा बसला होता. चाळीस वर्षं गावातले पाण्याचे मीटर वाचलेला माणूस. “माझ्या पाठीवर तीळ अकराच आहेत. माझी लोर्ना रोज मोजायची.”

“मग बारावा गोचीड. हलू नकोस.”

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन राज्यात हिवाळा हल्ली उशिरा येतो आणि लवकर जातो. त्यात गोचिडांचं फावलं. संध्याकाळी घरोघरी माणसं एकमेकांच्या पाठी तपासतात. गेल्या वर्षी गावातल्या हार्लनच्या गुडघ्यामागे एक राहून गेला. गोचिडामुळे होणारा लाइम आजार झाला, उन्हाळाभर अर्धं तोंड लुळं पडून लोंबत होतं. उरलेल्या अर्ध्यानं तो नेहमीइतकंच बोलला, हे वेगळं.

मर्लची पाठ जानेवारीपासून कुणी पाहिली नव्हती. त्याची बायको लोर्ना वारली तेव्हा बर्फ होतं. आता मे आला, पाठ खाजू लागली, आणि आठवडाभर आरशाशी झटापट करून त्यानं शेवटी शेजारच्या व्हर्लीला घरी बोलावलं होतं.

“आई गं!”

“निघत नाहीये. घट्ट बसलाय मेला,” चिमटा सावरत व्हर्ली म्हणाली. “लोर्नानं नकाशा काढला होता ना? चर्चच्या जेवणावळीत दाखवायची.”

“माझी पाठ? चर्चमध्ये?”

“बीन्स वाढून झाल्यावर. कुठंय तो?”

मर्लनं आतल्या खोलीकडे बोट केलं. “तिच्या कपाटात. दाराला आतून लावलाय.”

ते दार त्यानं लोर्ना गेल्यापासून उघडलं नव्हतं. व्हर्लीनं सरळ जाऊन उघडलं आणि कागद त्याच्यासमोर धरला. पाठीची आकृती, आकडे टाकलेले ठिपके. अकरापर्यंत शाईनं, बारावा पेन्सिलनं. शेजारी लोर्नाचं अक्षर: ‘नवा आहे, पण तीळच. डॉक्टरांना फोटो दाखवला. मर्लला सांगू नये, उगाच घाबरेल. चिमटा लावू नये, ओरडतो.’

“खरंच ओरडतोस,” व्हर्ली म्हणाली.

मर्ल इतका हसला की खुर्ची करकरली. मग हसू थांबलं, आणि तो डोळे पुसत तसाच बसून राहिला. व्हर्लीनं घाई केली नाही.

कपाटाच्या दाराला दोरीनं बांधलेली पेन्सिल अजून लटकत होती. व्हर्लीनं कागद परत तिथं लावला, पेन्सिल घेऊन लोर्नाच्या अक्षराखाली तारीख घातली आणि लिहिलं: ‘बारा. सगळे हजर.’

मर्लनं शर्ट चढवला. कपाटाचं दार मात्र त्यानं उघडंच ठेवलं.