बिनीवर

लाँड्रीतल्या बायकांनी तिला पुढारी केलं, तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. वाफेचा फुटका पाइप बदला, म्हणून सांगायला उद्या साहेबांकडे जायचं होतं. सगळ्यांत थोरल्या मावशींनी तर पाठ थोपटली होती. "तू आमची बिनीची शिलेदार. तू हो पुढे, आम्ही आहोतच."

घरी भाजी चिरता चिरता तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, बिनी म्हणजे हो काय?"

सासरे फौजेतून निवृत्त झालेले. पुसायला घेतलेला बूट खाली ठेवत ते म्हणाले, "जुन्या फौजांची सगळ्यांत पुढची तुकडी. वाट शोधायची तिने, तळाची जागा हेरायची तिने, आणि पहिला मारही खायचा तिनेच."

"भीती वाटली तर?"

"ती वाटतेच, सूनबाई. पण पुढच्याने अधूनमधून मागे बघावं. मागे फौज असेल, तरच ती बिनी."

दुसऱ्या दिवशी जिना चढताना मागे चपलांचा नुसता फटफटाट चालला होता. साहेबांच्या दाराशी पोचून तिने वळून पाहिलं, तर मागे कुणीच नाही! सगळ्या पार तिकडे जिन्याच्या तोंडाशीच थबकलेल्या. मावशी भिंतीचा रंग न्याहाळत होत्या.

तेवढ्यात दार उघडलं. "एकट्याच आलात?" साहेबांनी विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार घट्ट धरून ती जिन्याकडे ओरडली, "मावशी, मी एकटीच आले का, असं साहेब विचारतायत. काय सांगू?"