उजवीकडचा खिसा

"एवढ्या पांढऱ्या भिंती कशाला? सगळं उठून दिसावं म्हणूनच ना!" मी दारातच अडले.

"अगं, आत तरी चल," आमचे हे म्हणाले. "भावाचं प्रदर्शन आहे, पोलीस चौकी नाही."

यांचं काय जातंय! चव्हाट्यावर येणार होती ती माझ्या माहेरची अब्रू. धाकटा माझ्या माळ्यावरची जुनी ट्रंक उचलून घेऊन गेला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. कशाला हवीय रे, विचारलं तर म्हणाला, "लहानपणावर काम करतोय." लहानपणावर कसलं आलंय काम? आमच्या लहानपणी आई म्हणजे भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेली पाठ. जेवायला उठवलं तर उठायची, नाहीतर तेही नाही. शेजारीपाजारी तिला काय म्हणायचे, ते मी अजून यांनाही सांगितलेलं नाही. आणि हा आता कलाकार झाला म्हणून तिकीट लावून तेच दाखवणार, दुसरं काय!

पहिल्या खोलीत आमचा स्टोव्ह होता. दुसरीत त्याचं दप्तर. माझी नजर प्रत्येक कोपऱ्यात खाट शोधत होती आणि खाट काही दिसत नव्हती. मग तर संशय आणखीनच बळावला. शेवटी ठेवली असणार, लोकांनी तेच डोळ्यांत साठवून घरी जावं म्हणून.

शेवटच्या खोलीत तारेवर टांगलेला एकच शर्ट होता. निळा, बाबांच्या जुन्या शर्टातून बेतलेला. छातीवरचा खिसा उजव्या बाजूला. शेजारी पाटी होती: 'आईने शिवलेला. मी डावखुरा, म्हणून तिने खिसा मुद्दाम उजवीकडे लावला. एवढं लक्ष असायचं तिचं.'

डोंबलाचं मुद्दाम! मी सातवीत होते तेव्हा. कापड पुढ्यात पसरलं आणि माझ्या डाव्या हाताला खिसा लावून मोकळी झाले. घालणाऱ्याची डावी बाजू उलटी येते, हे मला कोण सांगणार होतं? हा तेव्हा पहिलीत. वर्गातली पोरं हसली म्हणून रडत घरी आला, शर्ट फेकून दिला. दुसरा कुठून आणणार? मग मी म्हटलं, "अरे वेड्या, आईने मुद्दाम लावलाय. तू डावखुरा ना!"

रडं थांबलं. शर्ट पुन्हा अंगात चढवून तो आईच्या पाठीशी जाऊन बसला. मग मला सवयच लागली. दप्तर आईने शिवलं, पुस्तकांना कव्हरं आईने घातली, सगळं आईनेच केलं.

"ही माझी ताई!" धाकटा चार पाहुण्यांना घेऊन आला. "ताई, सांग ना यांना, आई कशी शिवायची?"

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. याला ठाऊक आहे का? माझी परीक्षा घेतोय का मेला? पण केस पिकले तरी चेहरा तसाच होता, तो शर्ट घालून आईजवळ बसलेला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? अरे, मी शिवलाय तो, सुया माझ्या बोटांत घुसल्यात, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

"तू शाळेत गेलास की उठायची," मी म्हणाले. "तो खिसा तर दोनदा उसवून लावला तिने. मनासारखा बसेना."

"हे मला कधी बोललीच नाहीस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. पाहुण्यांना घेऊन तो पुढे गेला.

आमचे हे माझ्याकडे बघत राहिले. सासूबाई शिवायच्या, हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

निघताना पाहिलं, तर खिशाचा एक कोपरा उसवला होता. दोरा नुसता लोंबत होता. मी तो आत सारायला हात पुढे केला.

"मावशी, हात नका लावू," खुर्चीवर बसलेली रखवालदार मुलगी उठून आली. "त्यांच्या आईच्या हातचा आहे."

"हो का?" म्हटलं आणि हात मागे घेतला.